उरलेली वर्षं

नागपूरच्या धरमपेठेत अमेरिकेला गेलेल्या मुलाची गोष्ट आता नवी राहिलेली नाही. व्हीआरसीई हे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे २००२ पासूनचं व्हीएनआयटी, इथून हाकेच्या अंतरावर. तिथली पदवी घेऊन निघालेल्यांच्या पिढ्या झाल्या. नवी गोष्ट आहे ती परत आलेल्याची आणि पुन्हा जाऊ पाहणाऱ्याची. वडिलांना पक्षाघात झाला, आई एकटी पडली, म्हणून कुणी तिकडची नोकरी सोडून येतं. तीन-चार वर्षं निघतात. मग जुन्या टीममधून फोन येतो: जागा आहे, येतोस का?

प्रश्न आधी वकिलाकडे जातो. जायलाच हवा. पण त्याचं उत्तर नीट ऐकलं तर त्यात धर्माचेच प्रश्न निघतात.

ओळखीचा रस्ता एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा. वर्षाला ६५ हजार व्हिसा, अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. मागणी त्याहून फार मोठी, म्हणून लॉटरी. ज्याचा नंबर एकदा लागून गेला आहे त्याला मात्र या व्हिसाच्या कमाल सहा वर्षांतला न वापरलेला काळ साधारणपणे पुन्हा लॉटरीत न उतरता मागता येतो. अमेरिकेबाहेर काढलेले दिवस त्या सहा वर्षांत धरले जात नाहीत. म्हणजे चार वर्षं तिथे काढून नागपुरात परतलेल्याची दोन वर्षं कागदावर शिल्लक राहतात. अडचण पैशाची आहे. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा हाती नसलेल्या माणसासाठी नवी पिटिशन करायची तर एक लाख डॉलर भरणं आलं. आदेशाची मुदत एका वर्षाची, पण वाढवता येण्याजोगी. एवढी रक्कम मोजणाऱ्या कंपन्या थोड्याच.

दुसरा रस्ता कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसाचा. त्यात लॉटरी नाही. पण त्याच कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या शाखेत मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष काम केलेलं असावं लागतं. सगळ्या पर्यायांत हाच एक असा, की जो जाण्याआधी घरी राहायला लावतो. ग्रीन कार्ड असलेला माणूस परवान्याशिवाय वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला तर त्याला वेगळा व्हिसा मागावा लागतो, आणि तिथे सिद्ध करावं लागतं ते हे, की परतण्याचा हेतू कायम होता आणि लांबलेला मुक्काम आपल्या हातात नव्हता.

हेतू! अमेरिकेचा व्हिसा कायदा माणसाच्या मनाची चौकशी करतो. पर्यटक किंवा विद्यार्थी तिथेच राहायला आला आहे असं धरून चालायचं आणि तसं नसल्याचं त्याने पटवून द्यायचं. एच-१बी आणि एल-१ला यातून सूट आहे. तात्पुरतं येणं आणि कायमचं राहण्याची इच्छा, दोन्ही एकाच मनात असू शकतात हे कायद्याने मान्य केलं. दुभंगलेल्या मनाबद्दल कायद्याने दाखवलेला हा समजूतदारपणा धरमपेठेतल्या घरांतही यायला हवा. आई-वडिलांवर जीव असणं आणि आपल्या कामाची ओढ असणं, यांतली एक भावना खोटी असलीच पाहिजे असं नाही.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर बोलताना विनोबांनी स्वधर्म समजावला तो असा: तो शोधावा लागत नाही, ज्यांच्या पोटी जन्मलो त्यांची सेवा जन्मासोबतच वाट्याला येते. हे सांगणाऱ्या विनोबांनी १९१६ मध्ये घर सोडलं होतं. परीक्षेला म्हणून निघाले ते काशीला पोचले. दोन वर्षांनी आई गेली. त्यांच्या बोलण्याला यामुळे कमीपणा येत नाही. एका माणसावर एकाच वेळी दोन ऋणं असू शकतात आणि एक फेडताना दुसरं थकतं, हे त्यांच्या आयुष्यातून दिसतं.

थकलेलं ऋण कुणाच्या खात्यावर पडतं, हा पुढचा प्रश्न. दीक्षाभूमी धरमपेठेपासून दूर नाही, म्हणून बाबासाहेबांचं उदाहरण इथे आठवावंच. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून ते परतले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, उसने घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्या जाण्याने देशाला काय मिळालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत पैशाच्या ओढग्रस्तीत संसार रेटला तो रमाबाईंनी. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केलं. राहणाऱ्याचा वाटा त्यांनी नाव घेऊन मान्य केला.

कायदा राहणाऱ्याला मोजतच नाही. एच-१बीवाल्यासोबत एच-४वर कोण जाऊ शकतं? जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं. आई-वडील त्या कुटुंबात बसत नाहीत. मूल अमेरिकेचं नागरिक झाल्यावर त्यांना बोलावता येतं, पण भारतात जन्मलेल्या नोकरदारांची ग्रीन कार्डची रांगच दहा वर्षांहून लांब. पंचाहत्तरीच्या आईला त्या रांगेचा काय उपयोग? कागदावर मुलाची दोन वर्षं जशीच्या तशी शिल्लक आहेत. तिची उरलेली वर्षं अशी राखून ठेवता येत नाहीत.

हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजी मंदिराला ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. मागणं मागताना ११ प्रदक्षिणा, पुरं झालं की १०८; दानपेटी नाही. या मागण्याला हलकं लेखण्याचं कारण नाही. मात्र देवापुढे बोलण्याआधी ते घरात बोललं गेलं आहे का, हे पाहायला हवं. परंपरेतली कथा अशी, की शंकराचार्यांनी आईची परवानगी घेऊनच संन्यास घेतला, तिच्या अखेरच्या वेळी येण्याचं वचन दिलं, आणि संन्याशाला निषिद्ध असूनही तिचे अंत्यसंस्कार स्वतः केले.

आज तसं वचन देणाऱ्याने पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का आधी पाहावा. त्याची मुदत संपलेली असताना नागपूरला धावून येता येतं, पण परत जायचं तर मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळावी लागते, आणि ती लांबली तर नोकरी धोक्यात येते. ही गोष्ट ऑफर स्वीकारण्याआधी आई-वडिलांना सांगितली पाहिजे, आणि मग त्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. कित्येक जण ‘जा’च म्हणतील.