ऐकणारें यंत्र आणि नाकारणारें यंत्र

उपकरणानें मालकाचें सर्व कांहीं निमूटपणें ऐकावें, कीं प्रसंगीं त्याला नकार द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां कारखान्यांतला वाटतो. मुळांत तो नीतिशास्त्रांतला आहे. आमच्यापुढें तो आला मात्र एका क्षुद्र वस्तूच्या निमित्तानें. तोंडानें वाफ ओढण्याचें जें विजेचें उपकरण, ज्यास तरुण मंडळी 'व्हेप' म्हणतात, त्याच्या दोन जाती आहेत, आणि त्यांतली बरी कोणती याविषयीं त्याच्या शोकिनांत मोठा वाद चालतो. भारतांत २०१९ सालच्या कायद्यानें या वस्तूची निर्मिती, आयात, विक्री, साठवण व जाहिरात हीं सर्व निषिद्ध ठरलीं आहेत. त्यामुळें यावलच्या बाजारांत उभें राहून हा वाद करण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु आपलीं मुलें आतां देशोदेशीं शिकावयास जातात, आणि इंग्लंडसारख्या देशांत प्रौढांस ही वस्तु उघड विकत मिळते. तेव्हां प्रश्न कायद्यानें मिटला असें समजून चालणार नाहीं.

यांतली यांत्रिक जात अगदीं साधी. धातूची नळी, तींत बॅटरी, वर तारेचें वेटोळें व द्रवानें भिजलेला कापूस, आणि एक बटण. बटण दाबलें कीं बॅटरीचा सारा जोर थेट तारेंत जातो. मध्यें विचारणारें कोणी नाहीं. नियंत्रित जातींत बॅटरी आणि तार यांच्या मध्यें एक लहानशी चिप बसविलेली असते. ती तारेचा अवरोध मोजते, ठरवून दिली असेल तितकीच शक्ति पुढें सोडते, आणि कोठें शॉर्ट झालें, उपकरण फार तापलें किंवा बॅटरी फार उतरली, तर काम थांबविते. हा नकार कशासाठीं तें ओहमचा नियम सांगतो. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची, तारेचा अवरोध ०.२ ओहम असला तर २१ अँपियर प्रवाह वाहील, आणि तोच ०.१ ओहमवर आला तर ४२. या कामीं वापरल्या जाणाऱ्या पुष्कळशा बॅटऱ्या २० ते २५ अँपियरच्या पलीकडे सतत प्रवाह देण्यास योग्य नसतात. एका दशांशाची चूक, आणि हातांतली वस्तु फुटते. २०१८ मध्यें फ्लोरिडांत व २०१९ मध्यें टेक्सासमध्यें असलीं उपकरणें फुटून माणसें दगावलीं आहेत.

असें असतांही यांत्रिक जातीचे कैवारी आहेत, आणि ते सगळेच अविचारी नाहींत. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्याला विजेचा नियम ठाऊक आहे, जो तार स्वतः वळतो व स्वतः मोजतो, त्याला चिपचा पहारा कशाला? पहाऱ्याच्या भरंवशावर माणूस आपलें डोकें वापरणें सोडून देतो. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आमच्याच तालुक्यांतल्या फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें, आणि त्याच्या जोडीला ग्रामोद्योगांचें प्रदर्शन मांडलें होतें. त्या प्रदर्शनामागें ज्यांची दृष्टि होती त्या गांधीजींनीं पूर्वीं, १९२४ मध्यें, शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधांतून वगळतांना कसोटी हीच लावली होती, कीं यंत्रानें माणसाचे अवयव लुळे पाडूं नयेत. हात लुळे पडूं नयेत तशी बुद्धिही लुळी पडूं नये, असें या मंडळींनीं म्हटलें तर त्यांना गप्प बसविणें सोपें नाहीं.

मिल्लसाहेबांनीं आपल्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत मोडक्या पुलाचें उदाहरण दिलें आहे. पूल धोक्याचा आहे हें न कळतां कोणी त्यावर पाऊल टाकीत असेल आणि सांगावयास वेळ नसेल, तर त्याला धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा भंग होत नाहीं, कारण नदींत पडावें अशी त्याची इच्छाच नसते. पण धोका जाणून जाणाऱ्या शहाण्या माणसाला सावध करावें, अडवूं नये. या न्यायानें ओहमचा नियम जाणणाऱ्याला यांत्रिक उपकरण खुशाल वापरूं द्यावें असें ठरेल. आमची अडचण येथेंच आहे. मिल्लचा वाटसरू पुलाशीं येतो तेव्हां शुद्धीवर असतो. व्हेपवाल्याचें तसें नाहीं. तो तार मोजतो सकाळीं, टेबलापाशीं बसून, शांत चित्तानें. बटण दाबतो तें मात्र तलफ आल्यावर. मोजणारा आणि दाबणारा हे नांवानें एक असले तरी विवेकानें एक नव्हेत. ग्रीक कथेंतल्या युलिसिसानें स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलें तें याच कारणानें, आणि पुढें आपण सोडा म्हटलें तरी सोडूं नका, असें खलाशांस अगोदरच बजावून ठेवलें. नियंत्रित उपकरणाची चिप म्हणजे शांतपणीं घेतलेला निर्णय तलफेच्या वेळीं अंमलांत ठेवणारा खलाशी होय. ज्याला आपल्या बुद्धीचा अभिमान आहे त्यानें तर तो पहिल्यानें नेमावा.

केळीच्या या मुलुखांत ही गोष्ट शिकावयास ग्रंथ उघडावे लागत नाहींत. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्यें ओव्हरलोड रिले असतो. दाब कमी झाला, मोटारीनें फाजील प्रवाह ओढला, कीं तो पंप बंद पाडतो. थंडीच्या दिवसांत रात्रीच्या पाळीची वीज. अंधारांतून बांधाबांधानें जावें, पंप सुरू करावा, आणि घराकडे वळतांच त्यानें बंद पडावें! मग एखादा वैतागून स्टार्टर 'डायरेक्ट' करतो, किंवा डी. पी.च्या पेटींत फ्यूजच्या जागीं जाड तार घालतो. आतां यंत्र पुरतें आज्ञाधारक झालें. पुढें मोटार जळते, ती भरून आणावी लागते. आणि रोहित्रच जळालें तर शेजाऱ्यांच्या बागाही पाण्यावांचून उभ्या राहतात. त्या शेतकऱ्याला मूर्ख ठरविण्यास आम्ही तयार नाहीं. दाब कमी येतो हा त्याचा अपराध नव्हे, आणि केळीला पाणी देणें हें व्यसन नव्हे. त्याचा राग समजतो. ज्याला दुसरी वाट नाहीं त्याला मिळालेला नकार, आणि ज्याला नुसती एक फुंकर कमी घ्यावयाची आहे त्याला मिळालेला नकार, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्याविरुद्ध तक्रार करण्यास जागा आहे. दुसऱ्याविरुद्ध बुद्धिस्वातंत्र्याचा ध्वज उभारणें आम्हांस थोडें हास्यास्पद वाटतें.

म्हणून या दोहोंत नियंत्रित जात बरी, हें आम्ही आढेवेढे न घेतां सांगतों. पण ही चिप राखते कोणाला हेंही पाहिलें पाहिजे. ती राखते बॅटरीला आणि तारेला. बटण दहा सेकंद दाबून धरलें तर पुष्कळशीं असलीं उपकरणें आपण होऊन थांबतात, तें तार जळूं नये म्हणून. ओढणारा अकराव्या सेकंदाला पुन्हां बटण दाबावयास मोकळाच असतो. विडी संपते. चिलीम विझते, पुन्हां भरावी लागते, आणि त्या खटाटोपांत एखादे वेळीं माणसाला कंटाळा तरी येतो. व्हेपला असा शेवट नाहीं. टांकींत द्रव आहे तोंवर ती चालू. उलट यांत्रिक उपकरणांत बॅटरी उतरत जाते तशी वाफही मंदावते, म्हणजे त्या मुक्या नळीकडून कांहीं तरी इशारा मिळतो. नियंत्रित उपकरण मात्र बहुधा शेवटपर्यंत एकसारख्या जोरानें वाफ देण्याची दक्षता घेतें. एवढ्या एका बाबतींत कमी शहाणें यंत्र अधिक प्रामाणिक म्हणावें लागतें.

ज्यासाठीं हें सारें तोंडाशीं धरावयाचें तें निकोटीन कोणत्याच जातीचें उपकरण मोजीत नाहीं. तें मोजलें जातें बाटलीवर. इंग्लंडांत २०१६ पासून एक मिलिलिटर द्रवांत २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन घालतां येत नाहीं, व टांकी २ मिलिलिटरहून मोठी चालत नाहीं. त्या मर्यादेच्या खालीं १२, ६, ३ अशा उतरत्या प्रमाणाच्या बाटल्या मिळतात, आणि शून्याचीही मिळते. सिगारेट सोडण्याचें साधन म्हणून तेथील सरकारी आरोग्यखातें प्रौढांस या वस्तूची शिफारस करतें. ज्यानें सिगारेट कधीं ओढलीच नाहीं त्यानें हिच्या वाटेस जाऊं नये, असेंही तें खातें सांगतें. आमच्या सरकारनें उतरंड न मांडतां दारच लावून घेतलें. विडी आणि तंबाखू यांची दुकानें शेजारीं उघडीं ठेवून लावलेलें हें दार आम्हांस पुरतेंसें पटत नाहीं, पण तो विषय निराळा.

एखाद्या घरचा मुलगा लंडनला किंवा मँचेस्टरला असेल, आणि सिगारेट सोडून त्यानें ही नळी हातीं धरली असल्याचें वडिलांच्या कानीं आलें असेल, तर उपकरण चिपचें कीं बिनचिपचें हें त्यांनीं पत्रांत एका ओळींत विचारावें आणि चिपचेंच घे म्हणून सांगावें. राहिलेलें पत्र बाटलीवरच्या आंकड्याविषयीं असावें: गेल्या दिवाळींत तो आंकडा किती होता, आणि आतां किती आहे?