शेजार

एचआयव्हीची मालमत्ता अगदी थोडी. ९ जनुके आणि १५-एक प्रथिने. माणसाकडे जनुके २० हजारांच्या आसपास. घात करायला सामर्थ्य लागते, ही समर्थांची समजूत आहे. आत शिरायला वाट मिळाली की पुरते.

लागण झालेल्या पेशी मरतात, यात नवल नाही. लागण न झालेल्याही पुष्कळ मरतात. ‘टॅट’ हे प्रथिन विषाणूच्या प्रती काढण्याचा वेग वाढवते. पण नेमून दिलेल्या कामावर ते थांबत नाही. पेशीतून बाहेर झिरपते आणि निरोगी पेशीत शिरते. विषाणूच्या कवचावरचे ‘जीपी-१२०’ सुटे होऊन रक्तात फिरते. विषाणू जिथे पोचलेला नाही, तिथे त्याचा परिणाम पोचतो. दुष्टांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे.

दृष्टिपटलामागे रंगद्रव्य-पेशींचा एकच थर असतो. पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून रक्तातले नको ते डोळ्यात उतरत नाही. प्रयोगशाळेत अशा पेशींवर टॅट आणि जीपी-१२० ही प्रथिने सोडली, तेव्हा सांधा घट्ट ठेवणारी प्रथिने कमी झाली आणि थर झिरपू लागला. पेशी मेलीच पाहिजे असे नाही. तिने शेजारणीचा हात सोडला तरी भागते. घराणी आणि संस्था बहुधा अशाच मोडतात. चौकशी करावी तर सगळे हयात असतात.

भारतात २०१७च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांशी नोकरीत, शिक्षणात, उपचारांत भेदभाव करायला मनाई केली. ती आवश्यकच होती. शेजार मात्र कुठल्याही कायद्याने सक्तीचा करता येत नाही.

सायटोमेगॅलो हा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो. जन्मभर गप्प असतो. एचआयव्हीमुळे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधल्या सीडी-४ या पहारेकरी पेशी ५०च्या खाली गेल्या, की तोच दृष्टिपटल जाळत सुटतो. दुखत नाही, म्हणून पुष्कळदा उशिरा कळते. त्याच्या इतक्या वर्षांच्या गप्प राहण्याला सौजन्य म्हणणे धाडसाचे होईल. आपल्यापैकी किती जणांचे सौजन्य पहाऱ्यावर उभे आहे, हे पहारा असेतो कळण्याचा मार्ग नाही.

डोळ्याला असा संसर्ग कधीही न झालेल्या काही एचआयव्हीबाधितांची नजरही मंदावते. ते तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचतात. तरी रंग फिके पडलेले असतात आणि संध्याकाळी पायरी व जमीन एकच दिसते. तक्ता पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांचा. फिकटातले फिकट तो विचारत नाही. परीक्षेत न विचारलेले गमावले, तर ते गमावले असे कोणी धरत नाही. घरचेही नाहीत. हे मी केवळ वाचून लिहिलेले नाही.

१९९६च्या सुमारास एकत्रित औषधे आली आणि मरण लांबले. भारतात ती २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. सायटोमेगॅलोमुळे येणारे आंधळेपण झपाट्याने कमी झाले. हा विजय खराच आहे. पण रोजच्या गोळ्या नव्या पेशींची लागण थांबवतात; पेशीच्या जनुकांत आधीच मिसळून गेलेला मजकूर त्या पुसत नाहीत. त्यातून टॅट बनणे त्या थेट रोखत नाहीत. तपासणीत विषाणू सापडला नाही, एवढेच तपासणी सांगते. निष्कर्ष आपण काढतो.

ज्यांच्या डोळ्यांना सायटोमेगॅलोचा संसर्ग आधी होऊन गेला होता, त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत आणखी एक घडले. औषधांनी प्रतिकारशक्ती परतली. डोळ्यात जुन्या शत्रूचे अवशेष तिला सापडले, आणि विझलेल्या जागी तिने नवा दाह पेटवला. दूर राहून परतलेल्याला मागचा हिशेब हवा असतो. तो चुकता होईपर्यंत घरात कोणाला स्वस्थता नसते. एरवी निरोगी डोळा प्रतिकारशक्तीला फार मोकळीक देत नाही. सुजेची किंमत नजरेने मोजावी लागते. अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइड देतात. जी शक्ती परत यावी म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या, तिला डोळ्यापुरता आवर घालतात. गोळ्या चालूच राहतात.