किटलीचं माप

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा या भागात धानाची कापणी उरकत आलेली असते, गावागावात रात्रीच्या नाटकाचे मंडप पडतात आणि बाहेरगावी गेलेली माणसं त्या निमित्ताने घरी येतात. चंद्रपूरला शिक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या एक बाई दरवर्षी मंडईला नागभीड तालुक्यातल्या आपल्या माहेरी येत.

माहेरच्या घरामागे, वाडीच्या टोकाला, एका खोलीत त्यांची आत्या राहायची. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच तिच्या अंगावर चट्टे उठले आणि सासरच्यांनी तिला आणून सोडलं. कुष्ठरोग हे त्या काळी कायद्यानेच घटस्फोटाचं कारण ठरलेलं होतं. कायद्यातलं ते कारण निघायला २०१९ साल उजाडावं लागलं. भावाने तिला वरोऱ्याला आनंदवनात नेलं. बाबा आमटे आणि साधनाताईंच्या त्या वसाहतीत तिला औषध मिळालं आणि कामही मिळालं. ती माग शिकली, कित्येक वर्षं सुती कापड विणत राहिली. उतारवयात भावाच्या ओढीने गावी परतली तेव्हा रोग कधीच गेलेला होता. पण वाकलेली बोटं वाकलेलीच राहिली आणि तळहातांची गेलेली जाणीव काही परत आली नाही. गावाने तिची बोटं तेवढी पाहिली.

आत्याच्या दारात कुणी आलं की ती पहिल्यांदा चहाचं विचारायची. दूध क्वचितच असे. आलं ठेचून घातलेला कोरा चहा, चुलीवरच्या ॲल्युमिनियमच्या किटलीत. आणि येणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असे, "आत्ताच घेऊन आलो." बाईंचंही उत्तर तेच. उपचार घेऊन बरं झालेल्या माणसाकडून हा रोग लागत नाही, हे त्यांनी वर्गात मुलांना शिकवलेलं होतं. तरी आत्याच्या खोलीत त्या उंबऱ्याशीच उभ्या राहत, दोन शब्द बोलत, आणलेला फराळ ठेवत आणि परतत. प्रेम नव्हतं असं नाही. पण पुस्तकात कळलेलं पेल्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि आपल्यातल्या पुष्कळ शिकलेल्या घरांत ते अजूनही पोचत नाही.

एका वर्षी बाईंनी ठरवलं, आत्यासाठी स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं. थंडीत चहा लगेच निवतो, तर किटलीला टोपडं विणावं. त्यांच्या घरी चिनी मातीची गोल, पोटाळी किटली होती. तिच्याभोवती टेप धरून त्यांनी माप घेतलं. बाजारातून लाल आणि पिवळ्या लोकरीचे गुंडे आणले. १० नंबरच्या सुयांवर ५० टाके घातले आणि दोन सुलट, दोन उलट अशी वीण धरली. त्या विणीचं कापड ताणलं की पसरतं आणि सोडलं की किटलीला घट्ट बसतं. असे दोन तुकडे विणून, एका बाजूला तोटीपुरती आणि दुसऱ्या बाजूला कानापुरती फट सोडून त्यांनी ते शिवले. वर दोन-दोन टाके एक करत माथा आवळला आणि शेंड्यावर गोंडा बसवला. काम फार सुबक झालं होतं. पाहिलं त्या शेजारणीने स्वतःसाठी एक मागितलं.

मंडईच्या दिवशी बाई टोपडं घेऊन आत्याकडे गेल्या. आत्याने ते दोन्ही मनगटांत धरून उलटसुलट केलं, वीण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाली, "टाके एकसारखे पडले, पोरी. हात बसला आहे तुझा." मग तिने चुलीजवळची किटली पुढे ओढली. किटली उंच, उभट. तिला बाजूला कान नव्हता, माथ्यावर तारेची कडी होती. टोपडं कडीत अडकलं, फट तोटीच्या खाली गेली, गोंडा एकीकडे कलंडला. बाई पाहतच राहिल्या. इतकी वर्षं त्या या खोलीत येत होत्या आणि ही किटली त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिली.

आत्याला त्याचं काही वाटलं नाही. तिने टोपड्याची चौपदरी घडी केली, कडीवर ठेवली आणि किटली उचलायला हात घातला.

"आत्या, ते पोटाला घालायचं असतं. चहा गरम राहावा म्हणून."

"चहा थंडा झाला तं मले तोंडात समजते. कडी तापली का नाई ते मले हातात समजत नाई. मले आच इथंच लागते."

तिने तळहात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी जुना, पांढुरका डाग होता आणि त्याच्या शेजारी एक नवा फोड. तो कधी आला हे तिलाही ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी ती कंदिलाच्या उजेडात हातपाय न्याहाळायची, आनंदवनात लागलेली ती सवय होती. तेव्हाच असे फोड तिला सापडायचे.

बाई उंबऱ्यावरून आत आल्या आणि खाली बसल्या. आत्याने टोपड्याच्या शिवणीतून लोंबणारा धागा दातांनी तोडला, काडीच्या टोकाला गुंडाळला आणि चुलीच्या जाळावर धरला. धागा आक्रसला, वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला.

"ही लोकर नोहे, बाई. खरी लोकर जळली का केस जळल्याचा वास येते अन् राख चुरगळते. सूत कागदावानी जळते. हे पिलॅस्टिक. हे तापल्या कडीवर वितळलं तं माह्या हाताले चिकटन, अन् मले समजनही नाई."

बाजारात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. स्वेटरला ते चालून जातं. विस्तवाजवळच्या वस्तूला चालत नाही, आणि बधिर हाताला तर मुळीच नाही.

मग आत्या सांगत गेली आणि बाई चहा पीत ऐकत गेल्या. कडीच्या कव्हराला सूत जाड घ्यायचं, पदर दोन हवेत. कव्हर कोरडंच हवं, कारण ओल्या कापडातून आच लगेच आरपार येते. म्हणून ते काढून वाळवता यायला पाहिजे. बाई म्हणाल्या, बटणं लावते. आत्याने वाकलेली बोटं नुसती वर धरली. बटण तिला लावता येणार नव्हतं. बधिर पायांसाठी मिळणारी मऊ जाड रबराची चप्पल तिच्या पायात होती. तिच्या पट्ट्याला वेल्क्रो होतं, ते मनगटानेही दाबून बसवता येतं. आत्याने तिकडे पाय दाखवला आणि कव्हरचं तेही ठरलं.

बाईंनी या वेळी माप कडीचं घेतलं, आणि आत्याची मूठ वळते तेवढीच धरून तिच्या हाताचंही घेतलं. पांढऱ्या जाड सुताची, वीतभर लांबीची पट्टी. तिला ना रंग ना गोंडा. एक वापरात आणि एक वाळत, म्हणून दोन विणल्या. ते सुबक टोपडं पाहणाऱ्या चंद्रपूरच्या शेजारणीने ही पट्टी पाहून काहीच मागितलं नाही. पण आत्याने पंचक्रोशीतल्या अशाच हातांच्या तिघींची नावं सांगितली. बाई त्यांच्याकडे गेल्या, आधी चहा घेतला आणि मग टेप काढला.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावं लागतं. ते वेळेवर सुरू झालं तर बोटं वाकण्याची वेळ सहसा येत नाही. आत्यापर्यंत ते उशिरा पोचलं होतं.