उन्हात कातडीचं काय होतं?

सोरायसिसच्या रुग्णाला सोरालेनची गोळी द्यायची आणि मग अंगावर अतिनील किरण सोडायचे, हा ‘पुवा’ उपचार सत्तरच्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. सोरालेन आपल्याला परकं नाही. कोडावर आयुर्वेद पूर्वापार वापरत आला त्या बावचीत तेच द्रव्य असतं. अडचण होती किरणांच्या मात्रेची. केसांचा, डोळ्यांचा रंग पाहून ती ठरवली, तर काही रुग्ण भाजून निघत. म्हणून १९७५ मध्ये हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी रुग्णालाच विचारायला सुरुवात केली: उन्हाळ्याच्या तोंडावर तासभर उन्हात राहिलात तर कातडी किती भाजते, आणि नंतर किती रापते? उत्तरांवरून गोऱ्या कातडीचे चार प्रकार पडले.

या प्रश्नाचं मला फार मोल वाटतं. दिसण्यावरून अंदाज बांधणं चुकतं हे ओळखून एका डॉक्टरने रुग्णाच्या अनुभवाला प्रमाण मानलं. पुढे तपकिरी आणि काळ्या कातडीसाठी पाचवा-सहावा प्रकार जोडला गेला, तो मात्र रंगावरूनच. आणि हळूहळू सगळी पट्टीच रंगाची झाली. २०१५ मध्ये इमोजींच्या कातडीचे पाच रंग आले, तेही हिच्याच आधाराने.

आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात टाकली जातात आणि विषय संपतो. ‘सावळ्यांना ऊन बाधत नाही’ ही समजूत घराघरांत आहे. खरं तर कातडीला रंग देणारं मेलॅनिन संरक्षण देतं, पण पुरतं नाही. सावळी कातडी भाजली की लाली दिसत नाही एवढंच. ती तापते, हुळहुळते, कधी सालपटं निघतात आणि मागे काळपट डाग महिनोन् महिने राहतो. लालीच शोधणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून हे निसटतं. एकाच घरात, एकाच रंगाच्या दोन बहिणींपैकी एकीच्या गालांवर वांग उठतात, दुसरीला काही होत नाही. रंगाच्या खणात हा फरक मावत नाही.

लेसरने केस काढताना नुसत्या रंगावरून अंदाज बांधणं फार महागात पडतं. लेसर मेलॅनिन शोधतो. ते केसाचं की कातडीचं हे त्याला कळत नाही, आणि मात्रा चुकली तर कातडीच भाजते. तेव्हा तिथे जाल तर उन्हात आपल्या कातडीचं काय होतं, डाग किती दिवस राहतात, हे आपणहून सांगा. चेहऱ्याकडे नुसतं पाहून कुणी मशीन लावू लागलं, तर सरळ उठून या.