सुट्टीतली गोष्ट कुठे थांबते?

युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ साली भारतात आले ते उत्खननावरच्या एका माहितीपटासाठी. इथे त्यांना रामकथा भेटली आणि ती त्यांना सोडवेना. पुढची दहा वर्षं खपून, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन यांच्या साथीने त्यांनी ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा हाताने रंगवलेल्या चित्रांचा चित्रपट उभा केला. १९९३च्या जानेवारीत तो दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. पुढे रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज लाभला आणि दूरचित्रवाणीवरून तो घराघरांत पोहोचला. आज तिशी-चाळिशीत असलेल्या पुष्कळांच्या मनातला राम तोच आहे. त्यांच्यासाठी तो सुट्टीचा चित्रपट आहे.

सुट्टीच्या चित्रपटाला आनंदात संपावं लागतं. इथेही रावण पडतो, सीता परत येते, सगळे अयोध्येला निघतात आणि पडदा पडतो. सीतात्याग नाही, वाल्मीकींचा आश्रम नाही, लव-कुश नाहीत. हे सारं ज्यात येतं ते उत्तरकांड मागाहून जोडलं गेलं असं अनेक अभ्यासक मानतात, त्यामुळे ही निवड काही मनमानी नव्हे. शिवाय पदरचं घालण्याची आणि गाळण्याची मुभा रामकथेने प्रत्येक सांगणाऱ्याला दिलेलीच आहे. तसं नसतं तर मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं कशी रचली असती?

पण निवडीची किंमतही पाहायला हवी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गदिमा-बाबूजींचं गीतरामायण याच्या नेमकं उलट वागलं. त्यातलं पहिलंच गीत रामासमोर रामचरित्र गाणाऱ्या कुश-लवांचं आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असतं की या मुलांची आई राजवाड्यात नाही. मग पुढच्या स्वयंवराच्या आणि राज्याभिषेकाच्या आनंदालाही एक कातर किनार राहते. तीही घरात बसून, आबालवृद्धांनी एकत्र ऐकण्याचीच गोष्ट होती. तरीही तिने दुःख गाळलं नाही.

गोष्ट कुठे थांबते या प्रश्नाला नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनीवर सिडकोने हे शहर वसवलं. नेरूळ-वाशीच्या एकाच जिन्यावर मराठी, मल्याळी, गुजराती, पंजाबी कुटुंबं राहतात. अशा ठिकाणी मुलांची सामाईक गोष्ट पडद्यावरून येते. इथल्या एखाद्या मुलाला दिवाळी का साजरी करतात ते विचारा. राम अयोध्येला परतला म्हणून, असं तो चटकन सांगेल. उत्तर खोटं नाही. मात्र महाराष्ट्रातल्या दिवाळीचं ते एकमेव उत्तर कधीच नव्हतं. नरकचतुर्दशीला उठायचं उजाडण्यापूर्वी आणि पायाखाली कारीट चिरडायचं ते नरकासुराच्या नावाने. पाडव्याला आठवायचा तो वामनाने पाताळात धाडलेला, तरी शेतकऱ्यांनी मनातून न काढलेला बळीराजा. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उटणं टिकलं, फराळ टिकला. त्यामागच्या गोष्टी मात्र पातळ होत गेल्या, कारण त्या सांगायला त्यांच्या तोडीचा चित्रपट आला नाही.

याचा दोष साकोंना देणं कृतघ्नपणाचं ठरेल. परक्या देशातल्या माणसाने आपली कथा इतक्या आदराने चितारली. आपण निदान ती आपल्या भाषेत तरी आणायची होती. २४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट नव्याने चित्रपटगृहांत लागला तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत. मराठी माणसाला हिंदी कळतंच, हा हिशेब आपण फारशी कुरकुर न करता मान्य करतो आणि मग मुलं मराठीत गोष्टी ऐकत नाहीत म्हणून हळहळतो.

चित्रपटाने गोष्ट कुठे थांबवावी हा चित्रपटाचा अधिकार आहे. ती तिथेच थांबू द्यावी का, हे ठरवायचं ते घराने. या सुट्टीत तो मुलांना जरूर दाखवा. संपल्यावर टीव्ही बंद करा आणि पुढे सीतेचं काय झालं ते त्यांना मराठीत सांगा. नरकासुराची आणि बळीचीही गोष्ट सांगा. मुलं प्रश्न विचारतील, काही प्रश्न अवघडही असतील. ते टाळू नका.