कापडाचं दुसरं टोक

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून तू धाडलेलं ‘वादळ’ या चित्राचं कार्ड पोचलं. मागे लिहिलं आहेस, ‘आजोबा, वर्गात या चित्राला फार गोड म्हणून नावं ठेवतात. पण मी अर्धा तास त्याच्या समोरून हलले नाही.’ त्या अर्ध्या तासाविषयी लिहितो.

प्येर-ओग्युस्त कॉत यानं हे चित्र १८८० च्या पॅरिस सलों या प्रदर्शनात मांडलं. तो काबानेल आणि बुगरो यांच्या तालमीतला. तिथे ब्रशचा फटकारा दिसू द्यायचा नाही, रंग घोटून घोटून एकजीव करायचा, अशी शिस्त. पण फटकारे उघडे ठेवणाऱ्या इंप्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन १८७४ मध्येच होऊन गेलं होतं. साहजिकच पुढच्यांना कॉत शिळा वाटला.

चित्रात पळणारे मुलगा-मुलगी कोण, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. कुणाला ती ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या फ्रेंच कादंबरीतली वाटली, कुणाला लाँगसच्या ग्रीक कथेतली डाफ्निस आणि क्लोई. मुलाच्या कमरेला गुराख्याचं शिंग पाहून मी डाफ्निसच्या बाजूचा. लेस्बॉस बेटावर टाकून दिलेली ही दोन तान्ही लेकरं. त्याला शेळीनं पाजलं, तिला मेंढीनं. पुढे दोघं मिळून कळप राखू लागली. मग एक दिवस क्लोईची झोप उडते, घास गोड लागत नाही. जखम नाही तरी दुखतं, आणि या दुखण्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक नसतं. ते नाव दोघांना सांगतो फिलेटास नावाचा म्हातारा. त्याच्या बागेत, डाळिंबांच्या झाडांत, खुद्द प्रेमदेव एरॉस खेळून गेलेला असतो.

हे सांगणं म्हाताऱ्याच्या वाट्याला आलं, म्हणून मलाही आज धीर होतो.

लूव्रमध्ये फ्रांस्वा जेरारचं १८२४ चं चित्र आहे, त्यात हीच जोडी निवांत आहे. कॉतची दोघं जीव घेऊन पळताहेत. तिचंच वरचं वस्त्र दोघांनी डोक्यावर धरलंय आणि ते वाऱ्यानं शिडासारखं फुगलंय. ती धास्तावून मागे आभाळाकडे बघते. तो तिच्याकडे बघतो. त्या घोटलेल्या रंगाखाली खरी भीती आहे, मुक्ता. तुझे पाय तिथे थबकले ते त्या भीतीपाशी, असं मला वाटतं. नुसत्या गोडव्यापुढे कुणी अर्धा तास उभं राहत नाही.

प्रेमाचं नाव आता सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते सांगायला फिलेटास लागत नाही. मी सांगेन ते एवढंच. कुणी आवडलं, तर निरभ्र दिवसावरून त्याची पारख करू नकोस. पाऊस कोसळेल तेव्हा कापडाचं दुसरं टोक कोण धरतं, ते बघ. आणि आपल्या हातातलं टोकही सोडू नकोस.

पुन्हा त्या दालनात गेलीस, की चेहऱ्यांच्या आधी त्यांचे वर गेलेले हात बघ. काय दिसलं ते सविस्तर कळव.

तुझा,
आजोबा