प्रवासातील प्रसंग आणि क्षमेचा विवेक

प्रवासाला निघताना मनुष्य गाडीतील इंधन पाहतो, चाकांतील हवा तपासतो, वाटेसाठी शिदोरी बांधून घेतो; परंतु मनाची तयारी मात्र बहुधा करीत नाही. घर सोडल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत त्याची गाठ शेकडो अपरिचितांशी पडते. बहुतेक जण क्षणभर दिसून विस्मृतीत जातात. एखाद्याशी मात्र नुकसानीच्या निमित्ताने अकल्पित संबंध येतो आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत मनुष्याच्या संस्कारांची खरी परीक्षा होते.

कल्पना करावी की, पुण्याहून साताऱ्याकडे निघालेले एक कुटुंब खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याजवळ आले आहे. पुढे वाहनांची गर्दी झाल्याने गृहस्थांनी गाडीचा वेग कमी केला आणि मागून येणारी मालवाहू गाडी त्यांच्या गाडीवर आदळली. कोणालाही इजा झाली नाही. बंपरला तडा गेला आणि मागचा एक दिवा फुटला, इतकेच. गृहस्थ खाली उतरून शांतपणे म्हणाले, "दादा, तुमचे नाव आणि विम्याचे कागद जरा दाखवा." त्यावर मागच्या गाडीचा तरुण चालक उसळून म्हणाला, "काका, तुम्हीच एकदम ब्रेक मारला. माझी काही चूक नाही. नाव-बिव काही मिळणार नाही. काय करायचे ते करा."

या उत्तराने गाडीतील तीन मनांत तीन निरनिराळे विचार उमटले. वृद्ध आई म्हणाली, "जाऊ दे रे बाबा, देव बघून घेईल. देवदर्शनाला निघालोय आपण." महाविद्यालयात शिकणारा मुलगा तावातावाने म्हणाला, "बाबा, त्याची किल्लीच काढून घेतो. मग कसा नाव सांगत नाही ते बघू." गृहस्थ मात्र काही क्षण काहीच बोलले नाहीत. आईचा मार्ग क्षमेचा दिसतो, मुलाचा मार्ग न्यायाचा दिसतो. यांपैकी योग्य कोणता, हा प्रश्न फुटलेल्या दिव्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. महाभारताच्या वनपर्वात, पांडव द्वैतवनात राहत असताना, द्रौपदी आणि युधिष्ठिर यांच्यात याच विषयावर संवाद झाला आहे. द्रौपदी तेथे बळी आणि त्याचा आजोबा प्रल्हाद यांची कथा सांगते. क्षमा श्रेष्ठ की तेज श्रेष्ठ, असे बळीने विचारले असता प्रल्हादाने उत्तर दिले की, सदासर्वदा क्षमाही हिताची नाही आणि सदासर्वदा उग्रताही हिताची नाही. जो नेहमीच सोडून देतो, त्याला कोणी जुमानीत नाही. जो नेहमीच कठोर वागतो, तो पावलोपावली शत्रू निर्माण करतो. ज्याने पूर्वी उपकार केले आहेत, ज्याच्याकडून अजाणतेपणी चूक घडली आहे, ज्याचा हा पहिलाच अपराध आहे, अशांना क्षमा करावी. परंतु चूक खरोखरच अजाणता घडली का, याची आधी नीट परीक्षा करावी, हेही तेथे सांगितले आहे. जाणूनबुजून अपराध करून वर 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणाऱ्याला मात्र अपराध लहान असला तरी सोडू नये. यावर युधिष्ठिराने क्षमेची थोरवी आणि क्रोधाचे अनर्थ विस्ताराने सांगितले. दोघांचेही म्हणणे ग्रंथाने जपून ठेवले आहे, यातच मर्म आहे.

या कसोटीवर सुरूर फाट्याचा प्रसंग तपासून पाहावा. धक्का लागणे ही अजाणता घडलेली चूक होय. गर्दीच्या रस्त्यावर असा प्रमाद कोणाच्याही हातून घडू शकतो. घडलेले नाकारणे आणि नाव लपविणे ही मात्र जाणूनबुजून केलेली कृती आहे. पहिल्या गोष्टीला क्षमा शोभते, दुसरीला नाही. 'देव बघून घेईल' असे म्हणून निघून जाण्यात पुष्कळदा क्षमेपेक्षा कंटाळा, भीती किंवा घाई अधिक असते. क्षमा करण्यासाठी आधी अपराध मान्य व्हावा लागतो. जे मान्यच झालेले नाही, त्याला क्षमा कशाची करणार?

परंतु मुलाचा मार्गही न्यायाचा नव्हे. दुसऱ्याच्या गाडीची किल्ली हिसकावणारा त्याच क्षणी स्वतः अपराधी होतो. शब्दाने शब्द वाढतो, हात उगारला जातो, भोवती बघ्यांची गर्दी जमते आणि काही हजार रुपयांच्या नुकसानीपायी पोलीस ठाण्याची, प्रसंगी रुग्णालयाची वाट धरावी लागते. क्रोधाने संमोह, संमोहाने स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश, अशी जी साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात वर्णिली आहे, तिचे प्रत्यंतर रस्त्यावर पाच मिनिटांत येते.

तिसरा मार्ग आहे, आणि तो कायद्याने सुकरही केला आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 134 प्रमाणे अपघातात कोणी जखमी झाल्यास किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाल्यास चालकाने पोलीस अधिकाऱ्याने मागितलेली माहिती दिली पाहिजे; पोलीस उपस्थित नसल्यास शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात घटना कळविली पाहिजे. हे कर्तव्य दोन्ही चालकांचे आहे. कागद बळाने पाहण्याचा अधिकार मात्र सामान्य नागरिकाला नाही. तो गणवेशातील पोलिसांना आहे. समोरचा नाव सांगत नसेल तर त्याच्याशी झोंबण्याचे कारणच उरत नाही. त्याच्या गाडीचा क्रमांक सर्वांसमोर लिहिलेला असतो, आणि क्रमांकावरून मालक व विमा यांची माहिती मिळविण्याची तरतूद कायद्यात आहे. आधी गाड्यांची जागा व हानी यांची छायाचित्रे घ्यावीत, मग वाहने कडेला घ्यावीत, पाहणाऱ्या एखाद्या भल्या माणसाचे नाव विचारून ठेवावे, वेळ व ठिकाण लिहावे, 112 या क्रमांकावर पोलिसांना आणि आपल्या विमा कंपनीला कळवावे.

त्याच वेळी स्वतःकडेही पाहावे. पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखावे, हा नियम मागच्या चालकासाठी आहे. सबळ कारणाशिवाय अचानक ब्रेक लावू नये, हा पुढच्यासाठी. आपली चूक असेल तेवढी आपण मान्य करावी. विम्याचा दावा करताना दोन वर्षांपूर्वीचा जुना ओरखडाही या अपघाताच्या खाती मांडण्याचा मोह अनेकांना होतो. समोरच्याचे असत्य ज्याला सलते, त्याने आपल्या अर्जातील असत्य क्षम्य मानू नये.

प्रसंगाकडे पुन्हा वळू. गृहस्थांनी मुलाला मागे घेतले, क्रमांक लिहून घेतला, छायाचित्रे काढली. बाजूच्या चहावाल्याने जे पाहिले ते सांगण्याची तयारी दर्शविली. दूरध्वनी हाती घेऊन ते चालकाला म्हणाले, "दादा, तुमच्याशी भांडायचे नाही. पोलिसांना आहे तसे सांगणार, एवढेच." आवाजात राग नाही हे पाहून तो तरुण खाली बसला. "काका, गाडी मालकाची आहे. मागच्या महिन्यातही पगार कापला त्यांनी. आता हे कळले तर कामावरून काढतील." त्याच्या उद्धटपणामागे मग्रुरी नव्हती, भय होते. अरेरावी करणाऱ्या पुष्कळ माणसांच्या बाबतीत असेच असते. परंतु ते समजण्यासाठी समोरच्याला शांत राहावे लागते.

गृहस्थांनी त्याला समजावले की, त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा असतो आणि तो अशाच प्रसंगासाठी असतो. लपविल्याने मात्र साधी गोष्ट गुन्ह्यासारखी दिसू लागते. तरुणाने नाव सांगितले, मालकाचा क्रमांक दिला आणि "माझे लक्ष नव्हते" असे मान्य केले. गृहस्थांनी त्याच्यासमोरच मालकाला घडले ते सांगितले, मुलाने खरे सांगितले हेही आवर्जून सांगितले. दिव्याचा खर्च मात्र त्यांनी स्वतः सोसण्याचे ठरविले. आईच्या मनातील क्षमा आता खऱ्या अर्थाने घडली होती.

प्रत्येक वेळी शेवट असा गोड होईलच असे नाही. समोरचा न बोलता निघूनही जाईल. तरी विवेकाचा नियम बदलत नाही. आपला पैसा आपण सोडू शकतो, कारण तो आपला आहे. सत्य मात्र आपल्या एकट्याचे नसल्याने सोडता येत नाही. कोणी जखमी झाले असेल, चालक मद्यधुंद असेल, तर 'जाऊ दे' म्हणण्याचा अधिकार आपल्याला मुळीच नाही. कारण तशा चालकाला सोडल्यास पुढच्या वळणावर येणाऱ्या कोणा अनोळखी कुटुंबाच्या वतीने आपण क्षमा केलेली असते. तेथे 108 वर रुग्णवाहिका आणि 112 वर पोलीस, हाच धर्म.

यात्रेचे पुण्य केवळ मुक्कामी पोहोचल्यावर लाभते असे नव्हे. वाटेत उद्धट शब्द ऐकूनही ज्याची वाणी ढळली नाही, नुकसान सोसूनही ज्याने खोटे लिहिले नाही आणि सत्य पदरात पडल्यावर ज्याला क्षमा करता आली, त्याची यात्रा रस्त्यावरच सफळ झाली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.